बावीस वर्षांचं पितळ

मिका काल फळी घेऊन आली. मिका माझी नात, आता पस्तिशीची आहे. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली फळी तिने माझ्या पलंगावर ठेवली आणि म्हणाली, "आजी, जीचानचा कारखाना पुढच्या आठवड्यात पाडणार. ही वस्तीच्या हॉलमध्ये लावायचीय. हॉलवाले म्हणाले, स्वच्छ करून द्या. तू घासून देशील ना?" जीचान म्हणजे तिचे जपानी आजोबा, माझे व्याही.

ती येणार हे फोनवर कळलंच होतं, म्हणून मी सकाळी चिंच भिजत घालून ठेवली होती. इथल्या निशी-कसाई भागातल्या दुकानात आता आपल्याकडचं सगळं मिळतं. तेव्हा मिळत नव्हतं.

कागद काढला तसा आधी वास आला. यंत्राचं तेल, पितळेचा कीस, रॉकेलचा स्टोव्ह आणि भाजलेल्या चहाची पानं, सगळं मिळून एक वास. फळी तशीच आहे. गडद लाकूड, त्यावर बारा-बाराच्या ओळींत बोटाएवढ्या पितळी पट्ट्या. प्रत्येकीवर एक नाव आणि एक साल. नावं इंग्रजीत आहेत. मी चौथी शिकले, तीही मराठी शाळेत. मला नावं वाचता येत नाहीत, साल वाचता येतं. चौथ्या ओळीत दोन पट्ट्या आहेत आणि पुढे कोरं लाकूड.

ही नावं इंग्लंडच्या फुटबॉलवाल्यांची. तिथे दर वर्षी खेळाडू आपसांत मतं देतात आणि सगळ्यात चांगल्या खेळाडूला बक्षीस देतात. ज्याला बक्षीस मिळेल त्याच्या नावाची एक पट्टी इथे जपानात, कोतोतल्या एका गल्लीत बसून माझे व्याही करत. इंग्लंड त्यांनी कधी पाहिलं नाही. बक्षीस मिळालेल्यांपैकी कुणाला ते भेटले नाहीत. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

मी कोतोला आले शहाण्णव सालच्या जानेवारीत. माझी मुलगी शैला इथे नोकरीला आली, तिने इथल्याच माणसाशी लग्न केलं, आणि तिचं दुसरं बाळंतपण करायला मी आले. जावई बोलायला गोड आणि घरी कमी. घर त्याच्या वडिलांचं. वर राहायचं, खाली कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब खोली. तिथे कप, ढाली, बिल्ले होत आणि त्यांच्यावर नावं घातली जात. शाळांचे कप, कुस्तीचे कप, कुणाच्या कंपनीतल्या गाण्याच्या स्पर्धेचे कप.

मला हे काम लगेच समजलं. माझं माहेर पुण्याच्या तांबट आळीतलं. वडील मठारकाम करत. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके पडायचे, ते ऐकत आम्ही झोपायचो आणि उठायचो. भांड्यांवर नावं घालणारा माणूसही आमच्याच आळीत बसे. फरक एवढाच की आमच्याकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं. सप्रेम भेट, अमक्याकडून. मिळालं कुणाला, ते भांड्यावर दुय्यम. इथे कपावर घेणाऱ्याचं नाव असे. पहिल्या आठवड्यात मी हे मिकाकरवी व्याह्यांना सांगितलं. मिका तेव्हा सात वर्षांची होती. तिला मराठी समजे, पण उत्तर जपानीतच देई. व्याह्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि पुन्हा यंत्र चालू केलं. आमच्यात बोलणं म्हणजे इतकंच.

थंडी खूप होती. रॉकेलच्या स्टोव्हवर किटली ठेवलेली असे, तिची वाफ काचेला लागे. शैला वर पोटाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसे. मला वर करमत नसे. मी खाली एका स्टुलावर जाऊन बसे. पितळ कापलं की जो गोडसर, करपट वास येतो तो मला पन्नास वर्षांनी भेटला. व्याही काही म्हणत नसत. एक दिवस मी कीस झाडून एका डब्यात भरला. दुसऱ्या दिवशी तो डबा माझ्या स्टुलाजवळ ठेवलेला होता. म्हणजे ते काम माझं झालं.

संध्याकाळी पाचला गल्लीतल्या भोंग्यावर एक गाणं वाजे, मुलांनी घरी जावं म्हणून. तोफूवाला पिपाणी वाजवत जाई. कालव्याचा वास वर येई. मग व्याही यंत्र बंद करत, हात धूत आणि दारावरच्या फळीकडे एकदा बघत. ही तीच फळी. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत जात ती काळी होत गेलेली होती. सगळ्यात पहिली पट्टी जवळजवळ तव्यासारखी. शेवटची पिवळी. मधल्या सगळ्या पायरीपायरीने, चहात दूध वाढवत न्यावं तशा.

मार्चमध्ये बाळ एक महिन्याचं झालं, तेव्हा एकदा मी मिकाला म्हटलं, "विचार, ही कसली नावं?"

व्याह्यांनी चष्मा काढला. त्या दिवशी ते जितकं बोलले तितकं नंतर कधी बोलले नाहीत. मिका मधे मधे अडखळत होती, पण मतलब कळला. इंग्लंडात दोन बक्षिसं आहेत. एक वर्तमानपत्रवाले देतात, ते जुनं, लढाई संपल्यावर थोड्याच वर्षांत सुरू झालेलं. त्याचीही फळी त्यांनी केली होती. ती जिन्यात होती, वार्निश मारलेली, चकचकीत. दुसरं खेळाडूंचं, वीस-बावीस वर्षांपूर्वी सुरू झालेलं. ते सुरू झालं त्या वर्षापासून ते दर वसंतात एक पट्टी करत होते.

"आणि आपल्या संघातल्याला मत द्यायचं नाही," मिका म्हणाली. "असा नियम आहे."

"मग कुणाला द्यायचं?"

"समोरच्याला. ज्याने आपल्याला हरवलं त्याला."

मी म्हटलं, "म्हणजे वरपक्षाने वधूपक्षाच्या जेवणाला चांगलं म्हणायचं. आमच्याकडे अजून कुणी म्हटलेलं नाही."

मिकाला ते जपानीत सांगता आलं नाही. शैला बाळाला घेऊन जिन्यात उभी होती, तिने सांगितलं. व्याही हसले. दात दाखवून नाही, खांद्याने हसले.

एप्रिलच्या शेवटी इंग्लंडहून त्यांचं मासिक आलं. त्यात बक्षीस मिळालेल्या माणसाचा फोटो होता, काळा कोट, गळ्यात काळी फीत, हातात कप. मी विचारलं, खेळ संपला का? नाही, अजून महिनाभर सामने आहेत. म्हणजे परीक्षा चालू असताना निकाल. मी तसं म्हटलं. व्याह्यांनी मान डोलावली, त्यांनाही ते पटत नसावं. त्यांनी त्याच दिवशी पट्टी कापली, कडा घासल्या, नाव कोरलं आणि एका रुमालात गुंडाळून ठेवली. ती मे महिन्याच्या एका रविवारी लागायची होती. व्याही तरुणपणी जहाजांच्या कारखान्यात होते आणि तिथल्या फुटबॉल संघात गोलकीपर होते. त्या संघातले आठ जण उरले होते. दर वर्षी पट्टी लावायला ते आठ जण जमत.

माझं परतीचं तिकीट जूनचं होतं. मला जायचं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. पुण्यातल्या माझ्या खोलीत दिराने त्याचं सामान भरलं होतं आणि पत्रात 'जागा करू' असं लिहिलं होतं. शैलाला बाळ घेऊन नोकरीवर जायचं होतं. जावयाने माझी मुदत वाढवायचा कागद भरला होता. पण घर व्याह्यांच्या नावावर, म्हणून त्यावर शिक्का त्यांचा हवा. इथे सही चालत नाही, शिक्का लागतो. तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. पंधरा दिवस तसाच होता. व्याही रोज फ्रिज उघडत, दूध घेत, बंद करत. काही म्हणत नसत. मीही विचारलं नाही. मुलीच्या सासरी आपल्यासाठी मागणारी मी नव्हे.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी व्याही पितळेचा पत्रा आणायला गेले. शैला बाळाला टोचायला घेऊन गेली. मी कारखाना झाडला, काचा पुसल्या, चहाचे कप धुतले. मग दारावर लक्ष गेलं. पाहुणे येणार आणि दारावर काळं पितळ. आमच्या आळीत काळं पितळ कुणाच्या घरात दिसलं की लोक विचारत, घरात कुणी गेलं का? मी स्टुलावर चढून फळी काढली.

पुण्याहून आणलेला चिंचेचा गोळा डब्यात होता. चिंच आणि मीठ. चाकूने एकेक खिळा हलकेच उचलला, पट्ट्या सालाच्या क्रमाने कागदावर मांडल्या, म्हणजे चुकायला नको. बावीस होत्या. प्रत्येक पट्टी अंगठ्याने घासली, धुतली, माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसली. काळं पाणी मोरीतून जाताना मला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर इथे आल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. दुपारपर्यंत फळी पुन्हा दारावर होती. सगळ्या पट्ट्या सारख्या पिवळ्या, लग्नातल्या भांड्यांसारख्या.

मिका शाळेतून आली. पाठीवर लाल दप्तर. दारात थांबली, वर पाहिलं.

"आजी, हे कुणी केलं?"

"मी."

ती दप्तर न काढता खाली बसली.

व्याही संध्याकाळी आले. भोंग्यावरचं गाणं चालू होतं. पत्रा भिंतीला टेकवला आणि सवयीने फळीकडे बघितलं. मग हात वर नेला. पट्टीपासून वीतभर अंतरावर थांबवला, लावला नाही. एक शब्द बोलले आणि वर गेले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"सुंदर, म्हणाले," मिका म्हणाली.

शैला तोवर आली होती. ती म्हणाली, "आई, ते सुंदर म्हणाले ना, मग संपलं. चिडले असते तर बरं होतं."

मग तिने सांगितलं. व्याह्यांनी त्या पट्ट्यांना मुद्दाम वार्निश लावलं नव्हतं. हातही लावत नसत. पितळ हवेनेच काळं व्हायला हवं होतं, प्रत्येक वर्ष त्याच्या त्याच्या वयाचं. दुकानात औषध मिळतं, ते लावलं की पितळ एका तासात काळं होतं. ते त्यांना नको होतं.

म्हणजे बावीस वर्षं मी एका सकाळी मोरीत सोडली होती.

मी रडले नाही. केलं ते केलं. पण त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, आणि फ्रिजवरच्या कागदाकडे मी बघितलं नाही. शैला भांडी आवरताना हळूच म्हणाली, "जूनचं तिकीट आहेच म्हणा." मी म्हटलं, "आहेच."

रविवारी आठ म्हातारे आले. खरं म्हणजे सात, आठवे व्याही. त्यांत एक नोदा-सान होते, लहानखुरे, पायाने जरा अधू. तरुणपणी ते सगळ्यात पुढे खेळत. ते आत आले, स्वतःचे बूट नीट लावले, मग खाली बसून सगळ्यांचे बूट नीट लावले. आत येऊन वर पाहिलं आणि म्हणाले, "अरे, नवी केली?"

व्याही म्हणाले, "विहिणीने घासली."

एवढंच. सगळे माझ्याकडे बघून वाकले. मीही वाकले. मग एकेक जण चष्मा लावून फळीखाली उभा राहिला. काळ्या पट्ट्यांवरचं नाव त्यांना कित्येक वर्षांत दिसलंच नव्हतं. आता पिवळ्यावर कोरलेली अक्षरं लख्ख दिसत होती. थोड्याच वेळात भांडण सुरू झालं. या वर्षी हा नको होता. तो तर त्या वर्षी अर्धा काळ दुखण्यात होता. याला दिलं, मग त्या गोलकीपरला का नाही? कारखान्यात इतका आवाज मी यंत्राचाही ऐकला नव्हता. एक जण स्टुलावर चढून बोट लावून वाचत होता, त्याला व्याह्यांनी खाली ओढलं. व्याह्यांचा चेहरा आंबट होता, पण तेही भांडत होते.

नवी पट्टी लागली. तेविसावी. बाकीच्यांच्यात ती ओळखू येत नव्हती.

मग त्यांचं स्वतःचं मतदान. त्यांच्यातल्या ज्याने वर्षभरात चांगला खेळ केला त्याला एक छोटा कप. मी मिकाला विचारलं, हे आता खेळतात कुठे? मिकाने विचारून सांगितलं, खेळ म्हणजे कसा राहिला, कसा वागला, ते. नियम इंग्लंडचाच. पण संघ एकच, म्हणून पुढे खेळणाऱ्या चौघांनी मागच्यांना मत द्यायचं आणि मागच्या चौघांनी पुढच्यांना. चिठ्ठ्या चहाच्या डब्यात टाकल्या. मोजल्या. व्याह्यांना तीन आणि नोदा-सानना तीन.

बरोबरी झाली की पूर्वी व्याह्यांची बायको मत देई. ती दोन वर्षांपूर्वी गेली. आता सगळे इकडेतिकडे बघू लागले आणि एकाने माझ्याकडे हात केला.

शैला माझ्या कानाशी आली. "आई, बाबांचं नाव घे. आता तरी."

तिचं बरोबर होतं. व्याह्यांचा मान आधी, हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी व्याह्यांचे पाय धुतले होते. आणि त्या फळीनंतर तर मला जमिनीला नाक घासायची पाळी होती.

मी म्हटलं, "नोदा-सान."

शैलाने डोळे मिटले. मिकाने सांगायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं, नाव तर तेच होतं. कुणी तरी विचारलं, का?

मी म्हटलं, "त्यांनी सगळ्यांचे बूट लावले. आणि आल्या आल्या विचारलं की मऊ मासा असेल तर बायकोसाठी थोडा नेऊ का. ती अंथरुणाला आहे म्हणे."

"आणि बाबांना का नाही?" शैलाने मराठीत, दात आवळून विचारलं.

"घरच्या माणसाला मत द्यायचं नाही. त्यांचाच नियम आहे."

मिकाने ते जपानीत सांगून टाकलं, मोठ्याने, शाळेत कविता म्हणावी तसं. आजी म्हणते, जीचान घरचा माणूस आहे, म्हणून त्याला मत देता येत नाही.

व्याही डब्यातल्या चिठ्ठ्या उगाच सरळ करत राहिले. मग नोदा-सान म्हणाले, "याची बायकोही दर वर्षी हेच म्हणायची."

शैला कानापर्यंत लाल झाली. मी झाले नाही. खरं तेच बोलले होते.

व्याही उठले, यंत्र चालू केलं आणि नोदा-सानच्या नावाचा कप सगळ्यांसमोर कोरला. अक्षरं नेहमीपेक्षा जरा खोल गेली, मला आवाजावरून कळलं.

सकाळी दूध काढायला फ्रिजकडे गेले. कागद तिथेच होता. त्यावर लाल गोल शिक्का होता, जरासा वाकडा. खाली कारखान्यात माझ्या स्टुलावर एक गादी ठेवली होती.

त्यानंतर किती उन्हाळे गेले. झाडावरचे किडे दुपारभर ओरडत, आम्ही बार्लीचं थंड पाणी पीत कप पुसत बसत असू. शरदात कालव्यावर गाद्या वाळत घातलेल्या, कुणी त्या बडवत असे, आणि मला तो ठोका तांबट आळीचा वाटे. दर वसंतात मासिक येई, पट्टी होई, आणि लावायच्या आधी व्याही ती माझ्यासमोर ठेवत. मी चिंचेने एकदा घासून देई. नवी असली तरी. पुढे ती हवेची. फळीबद्दल ते मला कधी काही बोलले नाहीत. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नव्हती. आठाचे सहा झाले, सहाचे तीन. एका वसंतात मासिक आलं आणि पट्टी झाली नाही.

काल मी फळी खिडकीपाशी नेली. मिका मागे उभी होती.

पहिल्या पट्टीपासून दुसऱ्या ओळीतल्या अकराव्या पट्टीपर्यंत सगळं पितळ एकाच रंगाचं आहे. काळपट, गुळासारखं. तेवीस पट्ट्या, एकाच वयाच्या. तिथून पुढे रंग पायरीपायरीने उजळत जातो, शेवटच्या दोन पट्ट्यांपर्यंत. इंग्रजी येत नसलं तरी कुणालाही दिसेल की शहाण्णव साली इथे काहीतरी झालं.

"घासतेस ना?" मिका म्हणाली. आता ती मराठीत बोलते, स्वतःहून शिकली.

"नाही."

"का गं? त्यांना चकचकीत हवीय."

"त्यांना सांग, जिन्यातली न्या. तिला वार्निश आहे."

ती फळीकडे बघत राहिली. तिलाही आता रेघ दिसली असावी, कारण तिने अकराव्या पट्टीपाशी बोट नेलं आणि वीतभर अंतरावर थांबवलं. मग फळी पुन्हा कागदात गुंडाळली.

चिंच भिजलेलीच होती. ती आमटीत घातली. जरा आंबट झाली. मिका दोनदा वाढून घेऊन जेवली.